आखणीच्या दिवसांतली गोळी

आषाढ संपत आला की मी पेणला माहेरी जाते, आणि दरवर्षी आमच्या कारखान्याच्या दारात क्षणभर थांबते. आत फळ्यांवर, बाकांवर, जमिनीवर, जागा मिळेल तिथं गणपती बसलेले असतात. अंगाचा रंग झालेला, मुकुट सोनेरी झालेले, पितांबराचे काठसुद्धा ओढून झालेले. फक्त डोळे नसतात. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी. त्यामुळे तीनेकशे देव दाराकडे तोंड करून बसलेले असतात आणि एकही बघत नसतो. लोकांना ते पाहून म्हणे भक्तिभाव दाटून येतो. मला मात्र वाटतं की आत्तापर्यंत यांचं आपापसांत काहीतरी चाललं होतं आणि मी आल्यावर गप्प झाले.

माझा स्वभावच तसा, त्याला कोण काय करणार. शिवाय नोकरीने त्याला खतपाणी घातलं. लग्न होऊन रोह्याला गेले आणि धाटावच्या एका रसायनांच्या कंपनीत लॅबमध्ये लागले. बाहेरून आलेल्या पिंपातून नमुना काढायचा आणि पिंपावर लिहिलंय तेच आत आहे का ते तपासायचं, हे माझं काम. बावीस वर्षं मी लेबलवर विश्वास न ठेवण्याचा पगार घेतला. मग घरी आल्यावर दूधवाला, नणंद, जावेचे निरोप, सगळ्यांचा नमुना काढल्याशिवाय चैन पडायचं नाही. नवरा म्हणायचा, "तू प्रसादाचंसुद्धा सॅम्पल काढशील." मला त्यात टोमणा कधी ऐकू आला नाही. उलट जरा अभिमानच वाटायचा.

ते वर्ष नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडचं. रोह्याच्या पुढं कोकणात गाड्या धावायला लागल्या होत्या आणि आम्हाला एकदम आपण मोठ्या जंक्शनचे झाल्यासारखं वाटत होतं. पेणला माझे वडील आप्पा, आई आणि धाकटा भाऊ सुरेश. साच्यातून मूर्ती काढणं, घासणं, रंगवणं हे सुरेश आणि कामगार बघत. डोळे मात्र आप्पांचे. आधी वरच्या पापणीची बारीक काळी रेघ, श्वास रोखून एका दमात. मग बुबुळ, आणि बुबुळात टेकवलेला पांढरा थेंब. तो थेंब पडला की आतापर्यंत माती असलेली गोष्ट तुमच्याकडे बघायला लागायची. लहानपणी मी त्या क्षणी हटकून दुसरीकडे बघायचे.

आखणीच्या दिवसांत आप्पा अंघोळ केल्याशिवाय ब्रशला हात लावत नसत. तंबाखू बंद. चहा घ्यायचा तोही काम आटोपल्यावर. नशा केलेल्या हाताने देवाला नजर द्यायची नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नियम. एका वर्षी सुरेश मित्राच्या हळदीला थोडी घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रंगाला बसला. आप्पा त्याच्याजवळून नुसते गेले, परत आले, त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला. तो हंगाम संपेपर्यंत सुरेशने गणपतीखालचे पाट रंगवले. ओरडणं नाही, मारणं नाही. पाट.

त्या वर्षी माघी गणपतीनंतर आप्पांची पाठ दुखायला लागली. तेल झालं, लेप झाले, वैद्य झाले. शेवटी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. फाल्गुनात तिथल्या डॉक्टरांनी मला आणि सुरेशला बाहेर बोलावून सांगितलं की प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि तो मणक्यापर्यंत पोचलाय. बरा करणं आता हातात नाही, दुखणं मात्र किरणांचे शेक आणि औषधं देऊन नक्की कमी ठेवता येईल. एसटीत आप्पा खिडकीशी डोळे मिटून बसले होते. आम्ही दोघांनी मागच्या सीटवर पनवेल सोडल्यावर ठरवलं की त्यांना कळू द्यायचं नाही, आणि पेण येईपर्यंत पाठही केलं: मणक्याची झीज आहे, वयाने होतं. आईला खरं सांगितलं. ती त्या दिवसापासून आप्पांशी जरा मोठ्याने बोलायला लागली, जणू ते बहिरे झाले होते.

आप्पा काही दुधखुळे नव्हते. "झीज हाय तर सुरेश जेवत का नाय?" असं आईला विचारायचे. मला विचारायचे, "एवढा शेक घेतला मशिनीचा, झिजलेलं भरून येतं काय त्यानं?" आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो आणि आप्पा आमच्या तिघांच्या. त्या घरात त्या वर्षी कुणी कुणाकडे सरळ बघत नव्हतं.

ज्येष्ठात कळा वाढल्या. आप्पांना कुशीवर वळता येईना. इस्पितळाने गोळ्या लिहून दिल्या, आणि त्या आणून द्यायला, कशा द्यायच्या ते शिकवायला आमच्या आयुष्यात राहेलबाई आल्या.

राहेलबाई अष्टमीच्या, म्हणजे आमच्या रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की पलीकडे. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांची बहुतेक माणसं इस्रायलला निघून गेलेली, या एकट्या मागे. सासूबाईंची जुनी ओळख. कानावर गेलं तसं स्वतःच म्हणाल्या, "मी जाईन पेणला, दिवसाआड." पांढरं पातळ, हातात एक कापडी पिशवी, पिशवीत पत्र्याचा छोटा डबा आणि डब्याला कुलूप. नागोठण्यावरून सव्वा तासाचा एसटीचा प्रवास करून ही साठी उलटलेली बाई यायची आणि एक पैसा घ्यायची नाही. हे तर मला सगळ्यात जास्त खटकलं. पैसे मागणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, त्याला काय हवंय ते कळतं.

त्यांचं शिकवणं एका वाक्याचं होतं. आईला म्हणाल्या, "गोळी घड्याळ बघून द्यायची गो, त्यांचं तोंड बघून नाय." दर चार तासांनी, दुखत असो नसो. कळ उठायची वाट बघायची नाही, ती उठायच्या आधीच तिला गाठायचं. सोबत पोट साफ राहायचं औषध, तेही न चुकता. पहिले तीन दिवस आप्पा नुसते झोपून होते. मी सुरेशला बाजूला घेऊन म्हटलं, "बघ, गुंगी देऊन गप्प केलंय." राहेलबाईंनी आधीच सांगितलं होतं की झोप येईल आणि मग उतरेल, पण ते मी सोयीने विसरले.

चौथ्या दिवशी आप्पा उठून बसले आणि त्यांनी पेज मागितली. सोबत सुक्या बोंबलाची चटणी. आई चुलीकडे तोंड करून रडली आणि वर धुराला नावं ठेवली. पुढच्या आठवड्यात ते पाठीला उशी लावून कारखान्यात बसायला लागले. आखणी सुरू व्हायला अवकाश होता, तोवर हात सैल राहावेत म्हणून शाडूचा एक गोळा घेऊन मळत बसायचे. मग आषाढ लागला, त्यांनी तंबाखूची डबी आईच्या हवाली केली आणि ब्रश घेतला. जेवणाच्या आधी वीस जोड्या डोळे. हात पूर्वीसारखा स्थिर. हा त्यांचा शेवटचा हंगाम आहे हे सगळ्या घराला माहीत होतं, त्यांच्याशिवाय.

आणि मी काय करत होते? मी कुलपाकडे बघत होते. साध्या पाठदुखीच्या गोळ्या असतील तर कुलूप कशाला? किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात कशाला? दर वेळी पुढच्या खेपेपर्यंतच्याच गोळ्या मोजून आईच्या हाती देतात आणि वहीत लिहितात कशाला? पाठदुखी साधी नाही हे मला माहीत होतं, तरी माझं डोकं त्याच आडरानात शिरायचं. त्या शनिवारी कधीच येत नसत, त्याचाही मी चार दिवस काथ्याकूट केला. शुक्रवारच्या संध्याकाळपासून त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा वार, असतो एवढी साधी गोष्ट मला सासूबाईंनी सांगावी लागली.

एका शुक्रवारी मी आठ दिवसांची रजा टाकून पेणला आले होते. राहेलबाईंना दिवस मावळायच्या आत अष्टमीला पोचायचं होतं. निघताना त्यांनी डबा आमच्याकडेच ठेवला आणि गळ्यातली किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

"शुभे, ही तुझ्याकडं ठेव गो. आठवडाभर मी नाय. भाची मुलांना घेऊन चालली तिकडं कायमची, तिला विमानात बसवून येते. मधीच कळ उठली तर एक जास्तीची दे, घाबरू नको. पन चुकवू नको. अंगाला सवय झालीय, एकदम तोडली तर हाल होतील त्यांचे."

त्यांची एसटी स्टँडातून बाहेर पडली असेल नसेल, मी डबा उघडला. बाटलीवर छापलेलं नाव वाचलं. मॉर्फिन. कॉलेजात शिकले होते ते सगळं आठवलं, अफूचं बोंड, त्याचा चीक, पुढची सगळी साखळी. मला त्या क्षणी काळजी वाटली असं सांगितलं तर खोटं होईल. मला आनंद झाला. पिंपात भलतंच निघाल्यावर व्हायचा तसा, तपासणाऱ्याचा आनंद.

शनिवारी सकाळी आप्पा अंघोळ करून बसले होते. मला हाक मारली.

"बाय, त्या डब्यात काय हाय गो?"

"गोळ्या, आप्पा."

"ते मला पन ठाव हाय. कसल्या? ती बाई सांगत नाय, तुजी आय ऐकू आलं नाय असं करते. तू लॅबवाली. तुला कोन फसवनार?"

दुसरं काही बोलले असते तर मी गप्प राहिले असते कदाचित. पण त्यांनी नेमकी माझी दुखरी, खरं तर सुखरी, नस धरली.

"अफूपासून करतात त्या," मी म्हटलं.

आप्पांनी ब्रश पाण्यात बुडवला होता, तो तसाच ठेवला. "नशेची अफू?"

"हो."

"आनी मला कशाला? मनका झिजला म्हनून अफू?"

इथं मी खरं बोलायला हवं होतं. जीभ तयार होती, पण फाल्गुनात एसटीत पाठ केलेलं वाक्य तिच्याही आधी तयार होतं. "पाठ फार दुखते ना तुमची, म्हणून," मी म्हटलं.

"आजची झाली?"

"सकाळी सातला."

त्यांनी फडक्याला हात पुसले आणि त्या दिवशी एकाही गणपतीला हात लावला नाही. मला वाटलं, थकले.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कामाला बसले. गोळी मी स्वतःच्या हाताने देत होते, घड्याळ लावून, पाण्याच्या घोटासकट. तरीही दोन दिवसांत आप्पांची रया गेली. नाक गळायला लागलं, जांभया, अंगावर काटा, मग घाम. आम्ही म्हटलं, हवा बदलली, सर्दी झाली. मग पाठ. ब्रश धरलेला हात थरथरायला लागला आणि डाव्या डोळ्याची रेघ कानाकडे घसरायला लागली. दातांखाली पंचाचं टोक धरून ते रेघ ओढायचे. मी जास्तीची गोळी द्यायचे, ते मुकाट्याने तोंड उघडायचे. काहीही फरक पडायचा नाही.

आप्पा दुपारी आडवे झाले की सुरेश बिघडलेले डोळे पुसून पुन्हा काढायचा. आप्पांना ते एका नजरेत कळलं. "हा माजा डोला नाय. कोन हात लावतो माज्या कामाला?" सुरेशने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे, आईने भिजवलेले वाल सोलायला घेतले.

आणि माझ्या डोक्याने शोध लावला की गोळ्याच बनावट आहेत. मालाचा गुण गेला म्हणजे मालात भेसळ. ही बाई खरा माल घेऊन पसार झाली, भाचीबिची सगळी बतावणी. मी दोन गोळ्या कागदात बांधून पर्समध्ये ठेवल्या, धाटावला नेऊन तपासायला. वडील समोर पंचा चावत होते आणि मी पुरावा गोळा करत होते. हे लिहिताना आज मला माझा राग येतो. तेव्हा मला माझं कौतुक वाटत होतं.

नवव्या दिवशी, रविवारी, राहेलबाई आल्या. भाचीला निरोप देऊन आलेल्या, डोळे सुजलेले. पाणीसुद्धा न घेता त्या आप्पांच्या समोर जमिनीवर बसल्या.

"आप्पा, उजेडाकडं बघा जरा."

त्यांनी बोटाने एक पापणी वर केली, मग दुसरी. बराच वेळ बघितलं.

"गोळी घेतली की बाहुली मोहरीएवढी होते. तुमची केवढी झालीय. ह्या डोळ्यांत गोळी नाय, आप्पा. कुठं हाय ती?"

आप्पांची नजर एकदा खाली गेली. त्यांच्या मांडीशी तो शाडूचा गोळा होता. राहेलबाईंनी तो उचलला आणि दोन्ही हातांनी फोडला. मातीत आठ दिवसांच्या गोळ्या होत्या, काही अर्धवट विरघळलेल्या, काही अख्ख्या. मी दिलेली प्रत्येक गोळी त्यांनी गालात धरली होती आणि मी पाठ फिरवली की मातीत दाबली होती.

"अगो बाय माजे," आई दारातच खाली बसली.

"त्यांना कोनी सांगितलं?" राहेलबाईंनी कुणाकडे न बघता विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"काय सांगितलंस?"

"अफू आहे म्हणून."

"आनी कशासाठी हाय, ते?"

मी किल्लीचा दोरा बोटाला गुंडाळायला लागले.

"म्हंजे अर्धंच. तुज्या कंपनीत अर्धं लेबल लावलेलं पिंप आत घेतात काय गो?" त्या उठल्या, आईला हाताला धरून उठवलं आणि सुरेशला घेऊन बाहेर गेल्या. जाताना म्हणाल्या, "आता बाकीचं सांग. मी सांगनार नाय."

आप्पांच्या बाजूने विचार केला तर त्यांचं काय चुकलं? मणका झिजल्याच्या दुखण्यावर कुणी शहाणा माणूस अफू खाणार नाही, आणि अफू खाऊन आमच्यातला कुणी देवाचे डोळे काढणार नाही. मी त्यांना निवड दिली ती खोट्या मापाने मोजून दिली. त्यांनी त्या मापाने बरोबरच निवडलं.

मी सांगितलं. रोगाचं नाव, कुठून सुरू झाला, कुठवर गेला, डॉक्टर काय म्हणाले, बरं होणार नाही हेसुद्धा. शब्द सगळे उच्चारले.

"कदीपासून ठाव हाय?"

"फाल्गुनापासून."

"आयला?"

"हो."

"सुरेशला पन?"

"हो."

आप्पा फळीवरच्या गणपतींकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे पाच म्हयने ह्या घरात मीच एकटा परका व्हतो."

मग त्यांनी हात पुढे केला. "दे. मला न सांगता दिलीत तवा ती नशाच व्हती. आता औषद हाय."

दोन-तीन दिवसांत दुखणं पुन्हा ताब्यात आलं. पण बसण्याची ताकद परत आली नाही. चारदा उशा लावून बघितल्या, चारदा ते एका बाजूला कलले. ते कदाचित दुखण्यानेच झालं असेल, वाढतच होतं ते. राहेलबाई तसंच म्हणाल्या. माझा त्यावर विश्वास नाही. ज्या आठ दिवसांत ते बिनदुखण्याचे बसू शकले असते, ते मी त्यांच्याकडून घेतले. उरलेल्या सगळ्या मूर्तींचे डोळे त्यांनी सुरेशला काढायला लावले, खाटेवरून सूचना देत, आणि एकदासुद्धा चांगलं म्हणाले नाहीत. सुरेश त्यातच खूश होता.

हल्ली दवाखान्याच्या व्हरांड्यात एखादा मुलगा डॉक्टरांच्या कानाशी लागलेला दिसतो. "त्यांना सांगू नका हं, खचतील." मी ओळख नसताना मध्ये तोंड घालते. लोक विचित्र नजरेने बघतात, काहींना वाटतं मी कसली तरी एजंट आहे. वाटू दे. राहेलबाईंबद्दल मलाही काय काय वाटलं होतं. त्यांना मी पुढे एकदा विचारलं की तुम्ही का येत होतात. त्या म्हणाल्या, "घरात बसून काय करू?" एवढंच. मी बरीच वर्षं त्यामागचं काहीतरी शोधलं, आणि काही सापडलं नाही.

आप्पा पितृपक्षापर्यंत होते. त्या दिवसांत त्यांनी एक ठरवून टाकलं होतं. गोळी माझ्याच हातची घ्यायची, मी धाटावला असले तर सुरेशच्या, पण मी असले की माझ्याच. आणि तोंड उघडण्याआधी दर वेळी विचारायचे, "काय हाय हे?" मी म्हणायचे, "मॉर्फिन. अफूची." "कशासाठी?" "कॅन्सरसाठी. मणक्यात गेलाय, तिथं दुखतं म्हणून." मग तोंड उघडायचे. दर चार तासांनी. आई सुरुवातीला कानांवर हात ठेवायची, मग तिनेही सोडून दिलं. मला ती शिक्षा वाटायची. पुढे पुढे आम्ही दोघं ते दोन ओळींचं बोलणं असं बोलायचो की शेजारून ऐकणाऱ्याला वाटावं, चहाचं विचारतायत.

शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला राहेलबाईंनी गोळी चुरून चमचाभर पाण्यात विरघळवून दिली, कारण गिळणं कठीण झालं होतं. मी चमचा घेऊन आप्पांजवळ बसले आणि थांबले. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. नुसतं तोंड उघडलं.

विश्वास बसला म्हणून विचारलं नाही, की विचारायची ताकदच उरली नव्हती म्हणून, हे मला कधीही कळणार नाही. मी चमचा तसाच धरून सगळं सांगितलं, काय आहे आणि कशासाठी आहे, एकही शब्द न गाळता. मग त्यांच्या ओठांना लावला.